क, ख आणि शिवणाचा डबा

कचेरीत सगळे तिला पाठीमागे 'पळवाट' म्हणत आणि तोंडावर बाई. दोन्ही नावं तिला ठाऊक होती, आणि खरं सांगायचं तर पहिलंच तिला जास्त आवडे. कायद्यांचे मसुदे लिहिणाऱ्या त्या शाखेत हुशार माणसांचा तोटा नव्हता; पण मसुदा मोडणाऱ्याच्या डोळ्यांनी वाचावा तर तिनेच. कर बुडवणारा व्यापारी, खोट्या मापाचा दुकानदार, भाडेकरूचं सामान रस्त्यावर काढणारा घरमालक, ही सगळी मंडळी तिच्या डोक्यात बिनभाड्याने राहत. नवा मसुदा आला की ती एकेकाला उठवी आणि विचारी, बाबा रे, यातून तू कसा निसटशील? तो निसटला की चार शब्द घालून ती ते भोक बुजवी. बाईंच्या कलमातून मुंगी जात नाही, असं सचिव साहेब मंत्र्यांना सांगत, आणि ते सांगताना जणू मुंगी त्यांनीच अडवली असा त्यांचा चेहरा असे.

अमली पदार्थांचा नवा कायदा तिच्या टेबलावर आला तेव्हा तिची आई जाऊन फार दिवस झाले नव्हते. त्या वर्षी कॉलेजातली काही पोरं कसल्याशा गोळ्या खाऊन दगावली होती. वर्तमानपत्रांनी ओरड केली, आयाबाया रस्त्यावर आल्या, आणि मंत्र्यांनी सभागृहात शब्द दिला की असा कायदा करतो की विकणाऱ्यांच्या सात पिढ्यांना आठवण राहील. शिक्षा दुप्पट, जामीन महाकठीण, आणि दहा वर्षांपेक्षा एक दिवसही कमी नाही. यात वावगं काही नव्हतं. त्या पोरांचे फोटो तिनेही पाहिले होते आणि पेन्सिलीला टोक करताना तीही दातओठ खात होती.

बैठकीला पोलिसांतले एक मोठे अधिकारी आले होते. त्यांचं दुखणं एकच होतं. माल पकडला की आरोपी म्हणतो, साहेब, मी विकलं कुठे, नुसतं दिलं. पैसे घेतल्याचा पुरावा आणा. पुरावा मिळत नाही आणि पठ्ठ्या हसत हसत घरी जातो. हे ऐकून सगळ्यांच्या माना आपोआप तिच्याकडे वळल्या. तिने 'विक्री' खोडून 'वितरण' लिहिलं आणि पुढे शब्द घातले, मोबदला घेऊन अथवा न घेता. आता जो देईल तो विकणाराच. अधिकारी खूश झाले, पण उठता उठता म्हणाले की याला एखादं उदाहरण जोडा. आमच्या माणसांना उदाहरणाशिवाय कलम गळी उतरत नाही.

कायद्यातलं उदाहरण ही मोठी गमतीची चीज असते. त्यात माणसांना नावं नसतात. क असतो, ख असतो, फारच गर्दी झाली तर ग येतो. क ला वय नसतं, आई नसते, तो कधी दमत नाही. तिसऱ्या वाक्यापर्यंत अपराध करून मोकळं व्हायचं एवढंच त्याचं काम. आता असा क आणायचा कुठून? तिच्या पहिल्या वरिष्ठांनी तिला धंद्याचं एक गुपित शिकवलं होतं. मनाने रचलेलं उदाहरण गळतं, ते म्हणत. डोळ्यांदेखत घडलेलं घ्या आणि त्याचा चेहरा पुसून टाका. तिची आजवरची सगळी उदाहरणं अशीच आली होती. शेजारच्या कुंपणाचं भांडण, मामाचं मृत्युपत्र, भावाच्या डेपोतली टायरची चोरी, हे सगळं चेहरे पुसून कायद्याच्या पुस्तकांत जाऊन बसलं होतं आणि घरच्यांना त्याचा पत्ता नव्हता.

तेव्हा जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडा ठेवून, तिने लिहिलं:

'क ही ख ची शुश्रूषा करते. ग या मृत व्यक्तीच्या घरी उरलेले अमली औषध क शिवणाच्या डब्यातून नेते व मोबदला न घेता ख ला देते. क ने या कलमाच्या अर्थानुसार वितरण केले आहे.'

शिवणाच्या डब्यापाशी तिचा हात क्षणभर थांबला होता. पुढे ती स्वतःची कितीही समजूत घालो की दुःखाच्या भरात लिहिलं, ध्यानीमनी नव्हतं. पण हात थांबला होता, हे तिला पक्कं आठवे. थांबून तिने मनाशी म्हटलं होतं, उदाहरण तर आहे, तिला कोण धरायला जातंय! आणि पुढचा शब्द लिहिला होता. सचिव साहेबांना तो डबाच सगळ्यांत आवडला. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहतं, म्हणाले.

चित्र उभं राहणारच, कारण ते तिच्या घरातलं होतं.

आईच्या हाडांत कर्करोग उतरला होता. दुखणं असं की चादर बदलायला गेलं तरी ती ओरडे, आणि ओरडल्याबद्दल मग लेकीची माफी मागे. डॉक्टरांनी कातडीला चिकटवायची वेदनेची पट्टी लिहून दिली. पण दुकानात ती आधी सांगून मागवावी लागे, परवानग्या लागत, आठवडा जाई. आठवडाभर त्या घरात कुणी धड झोपलं नव्हतं. मग सिस्टर आली. धर्मादाय इस्पितळाकडून घरोघर जाऊन असे रुग्ण बघणारी ती परिचारिका, अंगाने बारकीशी, रुग्णाला हात लावण्याआधी तळवे एकमेकांवर घासून गरम करणारी. तिच्या पिशवीत एक गोल पत्र्याचा डबा असे, झाकणावर पुसट झालेली बदकं. वर दोऱ्याची रिळं, सुया, बटणं. खाली पट्ट्यांची चपटी पाकिटं. ज्या घरचा रुग्ण गेला तिथल्या उरलेल्या पट्ट्या ती घेई आणि ज्याची पट्टी अजून दुकानातून आली नाही त्याला लावी. डॉक्टरांनी लिहून दिलेलीच, तेवढ्याच ताकदीची. फक्त दुकानाऐवजी डब्यातून. डॉक्टर म्हणत, मी काही पाहिलं नाही हं, आणि तोंड फिरवून हात धूत. शिवणाचा डबा यासाठी की त्याला कुणाची पोरंटोरं हात लावत नाहीत. आणि बसल्या बसल्या ती रुग्णांच्या उशांचे अभ्रे खरंच शिवून देई.

त्या दुपारी सिस्टरने आईच्या खांद्यावर पट्टी लावली. दिवे लागायच्या सुमाराला आईचा श्वास संथ झाला आणि ती झोपली. धाकट्या भावाने कुकर लावू दिला नाही, शिट्टीने जाग येईल म्हणून. दोघं बहीणभाऊ स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच पाव खात राहिले, आणि आठवड्यात पहिल्यांदा भाऊ काहीतरी फालतू विनोद करून हसला. आई पुढे तीन आठवडे जगली, पण माणसासारखी जगली. ती गेल्यावर उरलेल्या पट्ट्या लेकीने आपल्या हाताने सिस्टरला दिल्या. पुढच्याला होतील, म्हणाली. सिस्टरने त्या रिळांखाली ठेवल्या आणि झाकण लावलं.

म्हणजे नीट पाहिलं तर क तीसुद्धा होती. पण ते सगळं कायद्याआधीचं, आणि मागच्या कृत्याला नवा कायदा लागत नाही. हेही कलम तिनेच लिहिलं होतं.

विधेयक मंजूर झालं त्या दिवशी मंत्र्यांनी उदाहरण भर सभागृहात वाचून दाखवलं. शिवणाच्या डब्यातून, असं ठासून म्हणाले आणि बाकं वाजली. अधिकाऱ्यांसाठीच्या कोपऱ्यात बसून तिने ते ऐकलं. तिला अभिमान वाटला. पुढे हाच अभिमान तिला सगळ्यांत जास्त खायचा. चूक एक वेळ पोटात घालता येते, पण चुकीवर आपण खूश झालो होतो हे काही केल्या पचत नाही.

भाऊ बसच्या डेपोत मेकॅनिक होता. सुट्टीच्या दिवशी तो तिच्याकडे येई, नळ गळत असला तर बघे, नसला तर उगाच एखादा स्क्रू पिळे. त्या दिवशी तो आला तो हत्यारं न घेता आणि दारातच उभा राहिला.

"ताई, आपल्या सिस्टरला धरलं."

मग त्याने आत येऊन सगळं सांगितलं. वारलेल्या एका बाईच्या घरून उरलेल्या पट्ट्या घेऊन ती एका म्हाताऱ्या निवृत्त मास्तरांकडे निघाली होती. बस थांब्यावर पोलिसांनी पिशवी उघडली आणि थेट शिवणाचा डबाच मागितला. नव्या कायद्याच्या प्रशिक्षणात म्हणे फळ्यावर हेच लिहून दिलं होतं, की घरोघर जाणाऱ्या परिचारिकांच्या पिशव्या बघा. खरा माल विकणारे गाडीतून फिरतात, त्यांना वकील आहेत; सिस्टर पायी फिरते, दिवसाढवळ्या. किमान दहा वर्षं, भाऊ म्हणाला. डोळे पुसून घेत त्याने डोकं हलवलं.

"चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. मला एकदा तो गाढव भेटवा ज्याने हे लिहिलंय."

ती चहा टाकायला उठली. भांड्यात पाणी घेतलं, गॅस पेटवला, आणि बराच वेळ पत्ती घालायचंच विसरली. भावाला सांगायचं तिच्या जिभेवर होतं. पण त्या दिवशी स्वयंपाकघरात पाव खात तो हसला होता तो चेहरा आठवला आणि तिने नुसती पत्ती घातली. लवकर झोपायला जा, तुझा रंग उतरलाय, असं उलट तोच तिला सांगून गेला.

दुसऱ्या दिवशी तिने खोटं सांगून अर्धी रजा काढली आणि सिस्टरच्या वकिलाकडे गेली. झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली, खालच्या यंत्राने जमीन सारखी थरथरत असलेली. वकील तरुण मुलगी होती, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. रुग्णाची लेक म्हणून हिने ओळख दिली. वकीलबाई म्हणाल्या, जामीन कसाबसा मिळालाय, पण पुढचं कठीण आहे. नुसतं कलम असतं तर मी कोर्टात म्हणाले असते की कायदा करणाऱ्यांच्या मनात धंदा करणारे होते, ही बाई नव्हती. पण हे उदाहरण बघा. त्यांनी पुस्तक तिच्यापुढे सरकवलं. क, ख, मेलेला ग, फुकट दिलेलं औषध, वर शिवणाचा डबासुद्धा. जणू मापं घेऊन बेतलंय. आता कुठल्या तोंडाने म्हणू की ही बाई त्यांच्या मनात नव्हती?

छापलेलं ते वाक्य वाचून तिने पुस्तक मिटलं. तिने सगळं सांगून टाकलं. मी साक्ष देते, म्हणाली. माझी नोकरी जायची तर जाऊ दे. आपण फार मोठं काही करतोय असं तिला वाटलं आणि छातीवरचं ओझं अर्धं उतरल्यासारखं झालं.

वकीलबाईंनी उठून खोलीचं दार आधी लावून घेतलं.

"तुम्ही साक्ष दिलीत तर ती संपलीच. सरकारी वकील म्हणेल, बघा, लिहिणारीच सांगतेय की हे हिच्यावरच लिहिलंय. पाया पडते, हे कुणालाही सांगू नका."

म्हणजे कबुलीचा मार्गही बंद. मोडणाऱ्याच्या सगळ्या वाटा बुजवता बुजवता तिने आपलीही बुजवून टाकली होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच. ती जिना उतरून खाली आली तेव्हा यंत्रातून कुणाच्या तरी लग्नाच्या पत्रिका निघत होत्या, आणि दुकानदार तिला म्हणाला, बाई, बाजूला उभ्या राहा, सावली पडते.

आता हातात उरला तो तिचा धंदा. अधिवेशन जवळ आलं होतं. तिने कायद्याला एक अपवाद लिहिला, की डॉक्टरने लिहून दिलेलं वेदनेचं औषध रुग्णाला आराम पडावा एवढ्याच हेतूने फुकट दिलं तर ते वितरण नव्हे. आणि हे चालू खटल्यांनाही लागू. सचिव साहेबांनी तो वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मंत्र्यांनी छाती ठोकून कायदा केला, तो वर्षाच्या आत मऊ करायचा? कुणासाठी? कुणाची मागणी आहे? हा क आहे तरी कोण, ज्याला वाचवायला तुम्ही धडपडताय? ओल्याबरोबर सुकंही जळतंच हो, साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले आणि कागद खणात टाकला. खण बंद झाल्याचा आवाज तिने आजवर शेकडो वेळा ऐकला होता, तिच्याच बाजूने.

त्या आठवड्यात तिला झोप नव्हती. डोळा लागे न लागे तोच आईच्या खोलीतून हाक आल्यासारखी होई. एकदा ती उठून गेलीसुद्धा, आणि रिकाम्या पलंगापाशी उभी राहून म्हणाली, चुकलं गं माझं. एवढं म्हणूनही काही हलकं वाटलं नाही, कारण आई असती तर तिने हिला केव्हाच पोटाशी घेतलं असतं, आणि हिला ते नको होतं.

शेवटी ती सिस्टरकडे गेली. दोन खोल्यांचं घर, गॅलरीत दोरीवर वाळत घातलेला पांढरा गणवेश. इस्पितळाने कामावरून दूर केलं होतं तरी तो धुतलेला होता. सिस्टरने तिला ओळखलं, खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आधी आईंचं वर्षश्राद्ध वगैरे काही न विचारता, तुम्ही जेवता ना वेळेवर, असं विचारलं. आपल्या खटल्याबद्दल ती बोलेचना. तिचा जीव टांगणीला लागला होता तो त्या मास्तरांपायी. पकडापकडी झाल्यापासून दुकानदारांनी पट्ट्या ठेवणंच बंद केलं होतं. नको ती ब्याद, म्हणत होते. मास्तर पूर्वी गणित शिकवायचे. आता दुखायला लागलं की मोठ्याने पाढे म्हणतात, सिस्टर म्हणाली; शेजारी तक्रार करतात. तुमच्या वर ओळखी असतील ताई, तर बघा ना, त्यांना कुठून मिळतेय का.

ही मान खाली घालून ऐकत होती. वकीलबाईंनी कुणालाही सांगू नका म्हटलं होतं. पण हे घर त्यात धरायचं की नाही, याचा कीस पाडत ती वाटभर आली होती. आता तिने तोंड उघडलं.

"सिस्टर, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"डब्याचं ना?"

हिने हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

सिस्टर उठली, तिने गॅलरीचं दार पुढे केलं आणि समोर येऊन बसली. "चौकीत मला वाचून दाखवलं त्यांनी. शिवणाचा डबा ऐकला आणि मला हसूच आलं. शिवणाच्या डब्यातून पट्ट्या नेणारी सगळ्या गावात मी एकटी. आणि ज्या घरी डबा उघडला त्यातलं कायदे लिहिणारं घर एकच."

इतके दिवस तिला माहीत होतं, आणि तिने पोलिसांना नाही, वकिलाला नाही, कुणालाच सांगितलं नव्हतं. हिने माफी मागायला सुरुवात केली, पण वाक्य जुळेना. ज्या बाईच्या वाक्यातून मुंगी जात नसे तिला साधा कर्ता सापडत नव्हता. सिस्टरने ते चालू दिलं आणि मग मधेच, रुग्णाला विचारावं तसं विचारलं, "त्या दिवशी आईंना झोप लागली होती ना?"

"लागली होती."

"मग तेवढं तुमचं लिहायचं राहिलं."

रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिने आपलं सहज सांगितलं, उशीचा एखादा टाका राहिला असं दाखवावं तसं. आणि मग दोन्ही तळवे एकमेकांवर घासून हिचा हात हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिपायाने खोली झाडायच्या आत ती टेबलाशी बसली होती. अपवाद तोच ठेवला. त्याखाली उदाहरण लिहिलं:

'ख ला असह्य वेदनेमुळे झोप येत नाही. डॉक्टरने लिहून दिलेले औषध मिळत नाही. ग या मृत व्यक्तीच्या घरी उरलेले तेच औषध क शिवणाच्या डब्यातून आणते व मोबदला न घेता ख ला देते. ख ला झोप लागते. क ने अपराध केलेला नाही.'

सचिव साहेबांनी पेन्सिलीने एकाच वाक्याभोवती गोल केला. ख ला झोप लागते. याचा कायद्याशी काय संबंध, त्यांनी विचारलं.

"मागच्या उदाहरणात ते राहिलं होतं, साहेब."

साहेबांनी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. माणूस खणबहाद्दर असला तरी दगड नव्हता. तिच्या आईच्या अंत्यविधीला तो आला होता. दोन्ही ठिकाणी तोच डबा, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. मग घसा साफ करून ते आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाले की यात पळवाट आहे, बाई. उद्या कुणीही चोर उठेल आणि म्हणेल, मीही आराम पडावा म्हणूनच दिलं.

"आहे," ती म्हणाली.

"मग बुजवा."

"नाही बुजवत."

इतक्या वर्षांच्या नोकरीत तिने साहेबांना नाही म्हटल्याची ही पहिलीच वेळ. साहेबांनी खोडरबर घेतलं आणि आपलाच गोल पुसला. मंत्र्यांना सांगतो की कायदा मऊ होत नाही, स्पष्ट होतोय, म्हणाले. स्पष्ट हा शब्द त्यांना आवडतो.

आणि तसंच झालं. दुरुस्ती दोन मोठ्या विधेयकांच्या मधे कुणाच्या फारशी लक्षात न येता मंजूर झाली. या वेळी बाकं वाजली नाहीत. अर्धे सभासद चहाला गेले होते. पुढे महिन्याभरात सिस्टरवरचा खटला मागे घेतला गेला. सिस्टरने तिला फोन केला, डबा परत मिळाला म्हणाली, रिळं गुंतलीत नुसती. आणि मग हिने विचारलं म्हणून मास्तरांचंही सांगितलं.

पुढच्या सुट्टीला भाऊ आला तो हसतच. हत्यारांची पेटी खाली ठेवून त्याने स्वतःच चहा टाकला आणि कप तिच्या हातात दिला.

"काही म्हण ताई, तो गाढव गेला वाटतं तिथून. आता कुणीतरी शहाणा माणूस येऊन बसलाय."

गाढव आणि शहाणा एकाच खुर्चीत बसतात, एकाच पेन्सिलीने लिहितात, हे त्याला सांगावं असं तिला फार वाटलं. पण खटला संपला तरी ते सांगायचं धैर्य तिला झालं नाही, आणि आता गप्प राहायला तिच्याजवळ वकिलाचं निमित्तही नव्हतं.

भाऊ नळाखाली वाकला. पाना फिरवता फिरवता त्याने विचारलं, "आणि ते मास्तर गं? त्यांना मिळाली का पट्टी?"

"ते गेले. दुरुस्तीच्या आधीच."

त्याने पाना खाली ठेवला. अशा वेळी माणसं जे विचारतात तेच त्याने विचारलं, चांगलं उत्तर येईल म्हणूनच विचारलं.

"झोपेत गेले ना?"

"नाही," ती म्हणाली.